घट

आमच्या जिंतूरच्या दुकानातल्या तिजोरीत, अगदी खालच्या खणात, उर्दू वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी आहे. कागद इतका पिवळा पडलाय की घडी उलगडताना श्वास रोखून धरावा लागतो. आत रंगाचे पापुद्रे आहेत, नखाएवढे, काही त्याहून लहान. मूळचा रंग कोणता ते आता ओळखू येत नाही. काकांनी १९५३ साली ही पुडी हैदराबादहून आणली तेव्हा वडिलांनी ती सवयीनं तराजूत टाकली. सोनाराच्या हातात काहीही दिलं तरी तो आधी वजन करतो. एक मासा तीन गुंजा भरली. वडिलांनी ते वजन कागदाच्या कोपऱ्यावर मोडीत लिहून ठेवलं आणि मग विचारलं, "हे काय आणलंस?" काका म्हणाले, "आमच्या कंपनीचं नाव."

काकांची कंपनी म्हणजे डेक्कन एअरवेज. १९४५ साली निघालेली. निजाम सरकारचा वाटा तीत सगळ्यात मोठा, आणि बस्तान बेगमपेटच्या विमानतळावर. परभणी तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. जिंतूरला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही. वीस वर्षांचे काका मोटारीनं परभणीला गेले, तिथून मीटरगेजच्या गाडीनं सिकंदराबादला उतरले, आणि एका ओळखीच्या माणसाच्या चिठ्ठीवर कंपनीच्या वर्कशॉपात लागले. सोनाराच्या पोराला झाळकाम येतं, बारीक कानस चालवता येते, पत्रा न दुखावता ठोकता येतो; तेवढ्यावर घेतलं. ऐरण सोडून पोरगा विमानं ठोकायला गेला म्हणून घरात रडारड झाली, असं आजी सांगायची.

विमानं डकोटा होती. महायुद्धासाठी अमेरिकेनं हजारोंनी बांधलेली. युद्ध संपलं, बंगालमध्ये पानागढला लष्कराचा उरलेला माल विक्रीला निघाला आणि आपल्याकडच्या नव्या कंपन्यांनी ती स्वस्तात उचलली. काका सांगायचे, डकोटा जमिनीवर उभं असलं की शेपटीकडं बसकं असतं. मागच्या दारातून आत शिरलं की पुढच्या खुर्चीपर्यंत चढण चढत जावं लागतं. पंखाच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या ओळीच ओळी. त्या बोट फिरवून तपासायच्या. सैल झालेलं रिव्हेट बोटाखाली किंचित हलतं, भोवती काळपट डाग धरतं. कसोटीवरची रेघ वाचून पोट भरणाऱ्या आमच्या घराला हे लगेच समजायचं.

प्रेम माथुर या बाईंचं नाव मी प्रथम काकांच्याच तोंडून ऐकलं. त्यांना आठ कंपन्यांनी बाई म्हणून नाकारलं होतं, डेक्कननं घेतलं. प्रवासी विमान चालवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या बाई. काका ही गोष्ट घरच्या मुलीच्या कौतुकानं सांगायचे. १९४८ च्या दिवसांबद्दल मात्र ते बोलत नसत. त्या वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून निजामासाठी शस्त्रं आणत होता, हे मी फार उशिरा वाचलं. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, राज्य गेलं. राज्याची विमान कंपनी मात्र राहिली. राज्यानंतर पाच वर्षं ती जगली.

त्या काळात देशात विमान कंपन्यांचं पीक आलं होतं. अंबिका, ज्युपिटर, इंडियन ओव्हरसीज... एकेक करून त्या मेल्याही. नागपूरला १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून चार विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, पोती बदलायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतायची. किती सुंदर कल्पना! ती सुरू केली इंडियन ओव्हरसीजनं. ती कंपनी बुडाली तेव्हा हिमालयन एव्हिएशननं हात दिला. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या समितीनं सगळा हिशेब तपासला आणि स्पष्ट सांगितलं की देशात प्रवासी आहेत त्या मानानं परवाने फार वाटले गेले. शेवटी संसदेनं कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी उरलेल्या आठ कंपन्या एका मुशीत पडल्या. बाहेर आली ती इंडियन एअरलाइन्स. विमानं ९९, त्यांतली ७४ डकोटा.

आता नाव बदलायचं म्हणजे आधीचं काढायचं. ते काम वर्कशॉपकडं आलं. काका शिडीवर चढून खरवडणीनं डेक्कनची अक्षरं काढत होते. पत्र्यावर ओरखडा येऊ द्यायचा नाही, म्हणजे पातं निजवून चालवायचं. पापुद्रे खाली पडत होते. सोनाराच्या दुकानात वाढलेल्या माणसाला खाली पडलेलं तसंच टाकून जायची सवय नसते. त्यांनी संध्याकाळी फरशी झाडली आणि पुडी बांधली.

नोकरी गेली नव्हती. उलट सरकारी झाली, पक्की झाली, पगार वाढला. तरी त्या रात्री आपण रडलो, असं काका सांगायचे. आणि लगेच म्हणायचे, "अरे, नाव खरवडलं. विमान थोडंच खरवडलं?" दोन्ही वाक्यं एका दमात. यातलं कोणतं खरं, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं.

मी जैन नाही, पण माझी निम्मी गिऱ्हाइकी जैन. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात त्यांची प्राचीन लेणी आहेत. एका गुंफेत अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. काळ्या पाषाणाची अवजड मूर्ती, आणि ती अशी बसवलीय की जमिनीपासून अधांतरी वाटावी, टेकलीय ती एका लहानशा दगडावर. लहानपणापासून ती मूर्ती पाहिली की मला काकांची विमानं आठवतात. एवढं वजन, आणि टेकू केवढासा. एका चातुर्मासात एक शेठ मला तिथं डोंगरावर प्रवचनाला घेऊन गेले. "चला, आज तुमच्या धंद्याची गोष्ट आहे," म्हणाले.

गोष्ट आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेतली होती. सोन्याचा घट होता. तो मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता त्याला शोक झाला. ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद झाला. ज्याला नुसतं सोनं हवं होतं तो ना दुःखी झाला ना सुखी, मध्यस्थ राहिला. एकाच क्षणी घटाचा नाश, मुकुटाची उत्पत्ती आणि सोन्याचं टिकणं. जे जे आहे ते असं तीन अंगांनी आहे, उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य.

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं शिडी होती, काका होते. डेक्कनवाल्याला शोक, दिल्लीतल्या मंत्रालयाला आनंद, आणि डकोटाच्या पत्र्याला काहीच नाही. इतकं नेमकं जुळत होतं. पण मनात एक काटा राहिला, आणि तो धंद्याचा काटा होता. घट मोडून मुकुट केला असं म्हणतात. मोडताना सोन्याची घट किती आली?

सोनं वितळवताना ते कधीच पुरतं परत येत नाही. मूस शेगडीत लाल होते, टाकणखार टाकला की वर मळी येते, सोनं आरशासारखं फिरायला लागतं. ओतून, गार करून तोललं की थोडं कमीच भरतं. झाळ उडते, मळीबरोबर कण जातो, मुशीच्या अंगाला चिकटतो. त्याला आम्ही घट म्हणतो. घट धरल्याशिवाय कुठलाही सोनार हिशेब करत नाही. आमच्या भाषेनं भांड्याला आणि तुटीला एकच शब्द दिलाय, याचं मला त्या दिवशी प्रथमच नवल वाटलं.

प्रवचन संपल्यावर मी मुनिमहाराजांपुढं हात जोडून हे विचारलं. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकलं. मग एवढंच सांगितलं की आचार्यांनी तिघांचीही अवस्था सहेतुक म्हटलीय. म्हणजे सकारण. शोक करणाऱ्याला त्यांनी अज्ञानी ठरवलं नाही. त्याचं काहीतरी खरोखर नाहीसं झालंय, म्हणून तो शोक करतो. व्यय हा भास नाही.

हे शब्द मी बरोबर घेऊन डोंगर उतरलो. तोवर मला वाटत होतं की धर्म आपल्याला शेवटी त्या तिसऱ्या माणसासारखं व्हायला सांगतो. सगळं सोनंच आहे, रूपं येतात जातात, रडायचं कशाला. गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्तही आम्ही घरात मयत झालं की असाच वापरतो, समोरच्याचं रडणं लवकर आटोपावं म्हणून. आणि सोनं ज्याच्या हातात राहतं त्याला मध्यस्थ राहणं सोपं जातं, हेही मी गादीवर बसून पन्नास वर्षं पाहिलंय.

माझे एक स्नेही पूर्णेचे. रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, बुद्धविहारात नेमानं जाणारे. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही सोनं धरून बसलात तिथंच अडचण आहे." आणि त्यांनी मिलिंद राजा व नागसेन भिक्खूंचा रथ पुढं केला. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, जू म्हणजे रथ नाही. सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. डेक्कन एअरवेज म्हणजे तरी काय? डकोटा? ती तर अमेरिकेच्या लष्कराची. परवाना? तो कागद. वैमानिक, वेळापत्रक, तिकिटाची खिडकी, तुमचे काका? जुळणी होती तोवर नाव होतं. जुळणी सुटली. गेलं कोण? त्यांनी शेडमध्ये वाफेची इंजिनं सुटी होताना पाहिलेली. त्यांच्या बोलण्यात पोथीचा कोरडेपणा नव्हता. मीटरगेज गेलं तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वाटलं की. दुःख आहे, हे तर पहिलंच सत्य."

आमच्या घरातून मात्र अगदी वेगळं उत्तर आलं. बायको गंगाखेडची, म्हणजे जनाबाईच्या गावची, लेक. तिच्या माहेरी सगळं काही नावावर चालतं. ती म्हणाली, नाव राहिलं की माणूस राहिला. नाव पुसलं तेव्हा काका रडले, ते बरोबरच होतं; जे जायचं ते तेच होतं.

तिचं बोलणं मी आधी बाजूला ठेवलं होतं. पण डेक्कन या नावानं पुढं जे केलं ते पाहिल्यावर तसं करता येईना. पन्नास वर्षांनी, २००३ साली, कॅप्टन गोपीनाथांनी स्वस्त तिकिटांची कंपनी काढली, तिचं नाव एअर डेक्कन. एक रुपयाच्या तिकिटानं तिनं बसमध्ये बसणारी माणसं विमानात बसवली. २००७ मध्ये ती किंगफिशरच्या ताब्यात गेली, नाव पुन्हा खरवडलं गेलं, आणि २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरचंही उड्डाण थांबलं. मधल्या काळात गोपीनाथांनी मालवाहतुकीची डेक्कन ३६० काढली, तळ नागपूरला. देशाच्या मधोमध रात्री विमानं जमवायची, माल बदलायचा आणि पहाटेपर्यंत परत पाठवायचा. म्हणजे १९४९ ची सोनेगावची पोतीच, फक्त विमानं मोठी. दोनेक वर्षांत तीही बंद पडली. आणि २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कन हेच नाव अठरा आसनांच्या चिमुकल्या विमानावर पुन्हा आलं. मुंबई, जळगाव, नाशिक. २०२० च्या टाळेबंदीत तेही मिटलं.

बेगमपेटच्या कंपनीशी या कुणाचं एका रिव्हेटाचंही नातं नाही. फक्त नाव. उलट काकांच्या कंपनीचं सोनं, म्हणजे माणसं, विद्या, जागा, हे इंडियन एअरलाइन्समध्ये गेलं, २००७ मध्ये एअर इंडियात मिसळलं, आणि २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडं परत गेली. तिथं डेक्कन हे नाव कुठंच नाही. मग डेक्कन एअरवेजचा पुनर्जन्म कोणता? नाव ज्याच्याकडं गेलं तो, की सोनं ज्याच्याकडं गेलं तो? पूर्णेचे स्नेही, गंगाखेडची बायको आणि नेमगिरीचे महाराज, तिघंही एकाच परभणी जिल्ह्यातले, आणि तिघांची तीन उत्तरं. आमच्या जिल्ह्याचं स्वतःचं तरी काय वेगळं आहे? १९५६ ला हैदराबादेतून मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात, १९९९ ला हिंगोली तोडून वेगळी. काळी माती तीच. पण मोगलाईत जन्मलेल्या माझ्या वडिलांना "तुम्ही कुठले" विचारलं की क्षणभर थांबावं लागायचं. तो थांबलेला क्षण मातीत कुठं सापडेल?

२७ एप्रिल २०१७ ला नांदेडहून हैदराबादचं विमान सुरू झालं. उडान योजनेतलं, ट्रूजेटचं. पुढच्या वर्षी मी आणि बायको त्या विमानानं गेलो. एटीआर जातीचं, पंख्यांचं, मागच्या दारानं चढायचं. चढताना मी दाराशेजारच्या पत्र्यावर हात फिरवला. रिव्हेटं. सपाट बसवलेली, ओळीनं. मागचा माणूस खोळंबला, बायकोनं हात धरून आत नेलं. जी वाट काकांनी रात्रभर गाडीत बसून काटली होती ती चहा पिऊन होईस्तोवर संपली. २०२२ च्या फेब्रुवारीत ट्रूजेट बंद पडलं. नांदेडचं विमानतळ शांत झालं, मग २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमानं आली. ज्यांना हैदराबाद गाठायचं होतं ते मधल्या काळात रेल्वेनं गेले. सेवा सुरू, सेवा बंद, सेवा सुरू. वरून पाहिलं तर घट, मुकुट, पुन्हा घट.

पण मी वरून पाहत नाही, मी दुकानात बसतो. एक दिवस एक बाई पाटल्या मोडायला घेऊन आल्या. जुन्या घडणीच्या, आतून झिजलेल्या, त्यांच्या सासूबाईंच्या. मुलगा एका विमान कंपनीत मेकॅनिक होता. कोणती कंपनी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कंपनी बंद पडली, शेवटचे काही महिन्यांचे पगार आलेच नाहीत, घराचा हप्ता तुंबला. मी पाटली कसोटीवर ओढली, वजन केलं, घट धरली, आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, "सोनं तर सोनंच राहतं ना हो, दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल." त्या माझं समाधान करत होत्या. मला मान वर करता येईना. त्या दिवशी मी त्यांच्या हिशेबात धरलेली घट काढून टाकली. एवढंच माझ्या हातात होतं.

इथं मला जे म्हणायचंय ते म्हणतो. द्रव्य टिकतं हे मी मानतो. ते न मानणारा माणूस सोनारकी करूच शकत नाही. पण जे टिकलं त्याच्या आधारावर जे गेलं ते गेलंच नाही असं म्हणणं, हा अधर्म आहे. ज्युपिटर बुडाली, अंबिका बुडाली, त्यांची विमानं कुणीतरी घेतलीच असतील, प्रवाशांनी दुसरी तिकिटं काढली असतील, आणि तरीही कुणीतरी एक माणूस सकाळी नेहमीच्या वेळी उठून डबा भरायला सांगून मग थांबला असेल. ते थांबणं म्हणजे व्यय. उत्पाद आणि ध्रौव्य यांच्या जोडीला आचार्यांनी त्याला बरोबरीनं बसवलंय. आपण मात्र धर्माच्या नावानं त्याला उठवून लावतो.

पूर्वी आमच्याकडं झारेकरी यायचे. दुकानातला केर, शेगडीतली राख, फुटक्या मुशी, फरशीच्या भेगांतली माती, सगळं विकत घ्यायचे. ओढ्यावर बसून परातीत हलवत हलवत धुवायचे. माती वाहून जायची, तळाशी पिवळी रेघ उरायची. लहानपणी मी त्यांच्याशेजारी तासन्‌तास बसलोय. आम्ही ज्याला गेलं म्हणून सोडून दिलेलं, ते त्यांच्या परातीत असायचं. सगळं नाही. त्यांच्याही परातीतून थोडं वाहून जायचंच, आणि ते मान्य करून ते पुढची मूठ घ्यायचे. ओढ्याला आता पाणी नसतं, झारेकरीही फिरकत नाहीत. केर मी अजून डब्यात साठवतो.

परवा पुडी बाहेर काढली. वडिलांचा तराजू माळ्यावर आहे, म्हणून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. एक मासा तीन गुंजा म्हणजे १.३४ ग्रॅम व्हायला हवेत. १.२१ भरले. पुन्हा ठेवली, पुन्हा तेवढेच. सत्तर वर्षांत गुंजभर कमी. कागद उजेडात धरला तर घडीच्या शिरांमध्ये भुगा अडकलेला दिसला, पिठासारखा. सोन्याचा कीस झाडायचा मऊ ब्रश घेतला, खाली पांढरा कागद अंथरला, आणि एकेक घडी हलक्या हातानं झाडायला बसलो. गिऱ्हाईक आलं होतं. त्याला म्हटलं, जरा थांबा.